‘गुलदार’ बुडवण्याआधी: पर्यटन खात्याला एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ
प्रत माहितीसाठी: मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, कांदळवन कक्ष, जिल्हाधिकारी सिंधुदुर्ग

एप्रिल २०२५

विषय: निवती रॉकजवळ ‘गुलदार’ बुडवून तिथे स्कूबा डायव्हिंग सुरू करण्याबाबत

महोदय,

‘गुलदार’ हे नौदलाचं निवृत्त जहाज सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ बुडवायला माझा विरोध नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण आमच्याकडे सरकारी कामाबद्दल कुणी दोन प्रश्न विचारले की त्याच्यावर ‘विरोधक’ असा शिक्का बसतो आणि पत्राचं दुसरं पान कुणी उलटत नाही. हे जहाज समुद्रतळावर नीट बसलेलं मला पाहायचं आहे. त्याच्या टँक डेकमधून (रणगाडे उभे करायच्या मोकळ्या जागेतून) माशांचे थवे जाताना पाहायचे आहेत. माझ्यासारख्या अनेकांचं पोट पुढची कित्येक वर्षं या जहाजावर चालू शकेल. म्हणूनच ही घाई आणि त्याहून जास्त ही शांतता मला गप्प बसू देत नाही.

मी मालवण तालुक्यातला. घर मच्छीमाराचं, धंदा स्कूबाचा. बाबा आयुष्यभर छोट्या होडीवर जाळी मारत आले. मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो आणि आता लोकांना पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणायचं काम करतो. त्यामुळे या प्रकल्पाच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच घरात जेवायला बसतात. गुलदारची बातमी मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “बोट बुडयतत तर बुडवंदेत, पण थंय माझा जाळा अडाकला तर माका कोण भरून देतलो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका सरकारी कार्यालयात तोच प्रश्न जरा प्रमाण मराठीत विचारला. तिथे उत्तर मिळालं, “आधी जहाज बुडू दे, मग बघू.”

हे पत्र त्या ‘मग बघू’साठी आहे.

जहाजाबद्दल वाचकांसाठी थोडं सांगतो. गुलदार हे नौदलाचं रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. पोलंडच्या ग्दिनिया बंदरात बांधलेलं, डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेलं. लांबी सुमारे ८४ मीटर, वजन हजार टनांच्या वर. तळ सपाट, नाकाशी उघडणारे दरवाजे आणि रॅम्प, आत रणगाडे उभे करायला लांबच्या लांब मोकळा डेक. ‘चित्ता’ आणि ‘कुंभीर’ ही त्याची भावंडं. श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेत ही जहाजं होती, २००४ च्या त्सुनामीनंतर मदत घेऊन हीच गेली. तिघंही १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला एकाच दिवशी निवृत्त झाली. त्यातलं गुलदार २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कारवारला पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आलं आणि मार्चमध्ये विजयदुर्गला आणलं गेलं. प्रकल्पासाठी केंद्राने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले आहेत, आणि ते राज्यांना भांडवली कामांसाठी मिळणाऱ्या पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून. पन्नास वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. त्याकडे परत येतो.

बुडालेल्या जहाजावर समुद्र काय करतो हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ म्हणून एका जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. आमच्यातले बरेच जण रेक डायव्हिंग, म्हणजे बुडालेल्या जहाजावरचं डायव्हिंग, तिथेच पहिल्यांदा करतात. जहाज म्हणून ओळखावं असं आता थोडंच उरलंय, पण वाळूच्या त्या सपाट तळावर तेवढ्याच तुकड्यात गर्दी असते. पत्र्याच्या खाली गोब्रे (ग्रूपर मासे), फटीत शेवंड (लॉबस्टर), वर तांबोश्यांचा घोळका, आणि सगळ्यावर स्पंज नि कालवांची साल. हे कसं होतं, त्याचा क्रम ठरलेला आहे. पोलाद पाण्यात गेलं की पहिल्या काही दिवसांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर बार्नॅकल, कालवं, हायड्रॉइड असे चिकटून राहणारे जीव बसतात. त्यांच्या आडोशाला छोटे मासे येतात, छोट्यांच्या मागे मोठे. कोकणचा तळ बराचसा चिखलाचा आणि वाळूचा. अशा ठिकाणी कठीण आधार मिळणं हीच मोठी गोष्ट. म्हणून कल्पना चांगली आहे, यात मला शंका नाही.

शंका पुढच्या गोष्टींबद्दल आहे.

सगळ्यात आधी मासेमारीचा प्रश्न, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कृत्रिम रीफ (माशांना आसरा देणारी पाण्याखालची रचना) मासे वाढवते की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा करते, यावर जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांत कित्येक दशकं वाद चालू आहे. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात. पण एक गोष्ट मला वादातीत वाटते. मासे गोळा होतील त्या जागेवर मासेमारी मोकळी ठेवली तर ती रीफ राहत नाही, तो सापळा होतो. आज पाच मैलांत विखुरलेले गोब्रे उद्या एका जहाजात बसतील आणि त्यांचा पत्ता प्रत्येक तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) जीपीएसवर असेल. गोब्र्याचा स्वभाव असा की एकदा जागा धरली की तो सोडत नाही. शिवाय त्याच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. म्हणजे जहाजावरचे मोठे मासे आधी उचलले की नरच संपतात. पर्यटकाला दाखवायला काही उरत नाही, आणि बाबांच्या जाळ्यातही काही येत नाही.

त्यामुळे जहाजाभोवती मासेमारीबंद पट्टा हवाच. माझ्या मते किमान अर्ध्या किलोमीटरचा. पण हा पट्टा कुणाच्या तरी अंगणातून जाणार आहे. निवती, भोगवे, खवणे, कोचरा या गावांतल्या गिलनेटवाल्यांची (उभं जाळं लावणाऱ्यांची) आणि गरीवाल्यांची (गळाने मासे धरणाऱ्यांची) ती रोजची जागा. त्यांच्याशी न बोलता नकाशावर वर्तुळ काढलं तर काय होतं, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. कागदावर ते २९ चौरस किलोमीटर आहे. मच्छीमारांनी त्याला विरोध केला तो समुद्राचं वाईट व्हावं म्हणून नव्हे, आपल्याला विचारलंच नाही म्हणून. त्या एका अविश्वासाची किंमत इथलं प्रवाळ अजून मोजतंय. गुलदारच्या वेळी तीच चूक परत करू नका.

आणि पट्टा आखलाच तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा. छोट्या होडीवाल्याला हाकलायचं आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे खेचणाऱ्या बोटींकडे काणाडोळा करायचा, असं झालं तर गाव ते एक दिवसही मानणार नाही. एलईडीच्या मासेमारीवर बंदी आहे, कायदा आहे, २०२१ मध्ये तो दुरुस्त करून दंडही वाढवलाय. तरीही आमच्या किनाऱ्यावरून रात्री क्षितिजाकडे बघितलं तर काय दिसतं, हे विचारायला कुठल्याही रापणकराकडे (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याकडे) जा.

जाळ्याच्या भरपाईचं उत्तर तर सरकारकडे तयारच आहे. दुर्मीळ कासव किंवा व्हेल शार्क जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर आपलं राज्य त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची ही योजना चांगली चालते, किनाऱ्यावर तिला मान आहे. तीच पद्धत गुलदारला लावा. जहाजात जाळं अडकलं, त्याने तसं कळवलं, तर भरपाई. यात दुहेरी फायदा आहे. अडकलेलं जाळं गुपचूप तोडून दिलं की ते तिथेच वर्षानुवर्षं मासे मारत राहतं आणि डायव्हरच्या टाकीतही अडकतं. भरपाई असेल तर माणूस स्वतःहून येऊन सांगेल, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी खाली जाऊन ते काढू.

आता जहाजाच्या आतल्या घाणीबद्दल. ऐंशीच्या दशकातलं जहाज म्हणजे नुसतं पोलाद नसतं. टाक्यांत डिझेलचा गाळ, पाइपांत हायड्रॉलिक तेल, बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) तेलकट पाणी. त्या काळातल्या जहाजांत गॅस्केट आणि लॅगिंगमध्ये (पाइपांच्या उष्णतारोधक आवरणात) ॲस्बेस्टॉस, जुन्या केबलच्या आवरणात पीसीबी ही विषारी रसायनं, रंगात शिसं, बाहेरच्या अँटीफाउलिंगमध्ये (शेवाळ-कालवं बसू नयेत म्हणून लावलेल्या रंगात) विषारी टिन असण्याची शक्यता असते. गुलदारमध्ये यातलं काय आहे आणि काय नाही, हे तपासून जाहीर करायला हवं. ऑस्ट्रेलियात ‘ॲडलेड’ ही निवृत्त फ्रिगेट न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर मार्च २०१० मध्ये बुडवायचं ठरलं होतं. तिथल्या रहिवाशांनी न्यायाधिकरणात धाव घेतली. न्यायाधिकरणाने परवानगी दिली, पण आधी जहाजाची आणखी सफाई करायला लावली. जहाज बुडालं एप्रिल २०११ मध्ये. वर्षभर उशीर झाला, पण जहाज स्वच्छ होऊन गेलं. आपल्याकडे कुणी कोर्टात जायची वाट कशाला बघायची? विजयदुर्गला काय काय काढलं, किती काढलं, ते कुठे नेऊन टाकलं आणि कुणी तपासलं, याचा अहवाल मराठीत जाहीर करा. जहाज एकदा खाली गेलं की तो अहवाल कुणालाच लिहिता येणार नाही.

‘समुद्रात टाकलं की रीफ होते’ हा समज किती महागात पडतो, त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण फ्लोरिडातलं. १९७२ साली फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे वीस लाख टायर रीफ म्हणून समुद्रात टाकले. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर वादळात लोळत नैसर्गिक प्रवाळावर जाऊन आदळले, आणि पुढे लष्कराच्या डायव्हरना ते बाहेर काढायला उतरावं लागलं. पोलाद टायरसारखं वाहत जात नाही हे खरं. पण पोलादाचंही एक आहे. प्रशांत महासागरात पाल्मायरा बेटावर १९९१ मध्ये एक मासेमारी बोट प्रवाळावर चढून बसली. गंजत्या लोखंडाभोवती प्रवाळासारखाच दिसणारा एक आक्रमक जीव पसरला आणि त्याने आसपासचं खरं प्रवाळ गिळलं. शेवटी ते जहाज तिथून उचलावं लागलं. म्हणून माझा साधा प्रश्न: गुलदार ठेवायची जागा जिवंत प्रवाळापासून किती लांब आहे? निवतीच्या खडकांवर खाली काय आहे याची आधीची नोंद, फोटो आणि मोजमापासकट, झाली आहे का? ती नसेल तर दहा वर्षांनी ‘प्रकल्प यशस्वी झाला’ असं कुणी कशाच्या आधारावर म्हणेल? जवळच्या वेंगुर्ला रॉकच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, तीही विसरू नका. बोटींची वर्दळ वाढली तर आधी त्या उडून जातील.

आता फ्लोरिडाचंच आणखी एक जहाज, कारण ते गुलदारच्या जातीचं. ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे अमेरिकी नौदलाचं सैन्य उतरवणारं जहाज, दीडशे मीटरहून लांब. की लार्गोजवळ मे २००२ मध्ये ते बुडवायच्या तयारीत असताना ठरल्या वेळेआधीच उलटं झालं आणि नाक पाण्याबाहेर ठेवून लटकत राहिलं. शेवटी कसंबसं कुशीवर झोपवून तळाला टेकवलं. तीन वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, डेनिस चक्रीवादळ आलं आणि त्याने एवढं मोठं जहाज तळावर सरळ उभं केलं! हे वाचून हसू येतं, पण आमच्या बाजूने विचार करा. मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या दारावरून गेलं. त्या रात्री देवबागला झोपलेलं कुणी नव्हतं. तौक्तेसारखी लाट पाण्याखाली किती खोल पोचते आणि हजार टनांच्या सपाट तळाच्या जहाजाला काय करू शकते, याचा हिशोब नेव्हल आर्किटेक्टने मांडलेला असला पाहिजे आणि तो आम्हाला वाचायला मिळाला पाहिजे. प्रत्येक पावसाळ्यातली नैऋत्येची लाट तर ठरलेलीच आहे. ती जहाजाच्या कडेची वाळू उकरते, जहाज हळूहळू कलतं.

त्याच स्पीगल ग्रोव्हच्या आत मार्च २००७ मध्ये तीन अनुभवी डायव्हर गेले, ते जिवंत बाहेर आले नाहीत. जहाजाच्या आत डायव्हिंग करणं आणि बाहेरून जहाज पाहणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आत डोक्यावर पाणी नसतं, छत असतं. फिनचा एक चुकीचा फटका बसला की गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. काही बिघडलं तर सरळ वर जाता येत नाही. कोकणात तर गाळाची कमतरता नाही.

इथे गुलदारची रचना मात्र आपल्या बाजूने आहे, आणि याबद्दल मला खरोखर आशा वाटते. लांब टँक डेक, समोर मोठे दरवाजे. ते दरवाजे कायमचे उघडे वेल्ड केले, रॅम्प खाली टाकून पक्का केला, मागच्या बाजूला आणि वरून मोठी भोकं कापली, तर एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघता येईल असा रुंद बोगदा तयार होतो. उजेड दिसत राहतो, पाणी वाहतं राहतं, गाळ साचत नाही, आणि माशांनाही तेच हवं असतं. इंजिन रूम, क्रूच्या खोल्या, अरुंद जिने मात्र जाळीने बंद करा. पर्यटकाला कॅप्टनची केबिन बघायची हौस असते, तिला आवर घाला. सगळी दारं, लोंबत्या वायरी, दोऱ्या बुडवण्याआधी काढा. आणि दर वर्षी तपासा, कारण समुद्राचं पाणी पोलाद साधारण वर्षाला एक दशांश मिलिमीटर खातं. आज भक्कम वाटणारी आतली पातळ भिंत वीस-पंचवीस वर्षांनी हाताने ढकलली तरी पडेल. कर्ज पन्नास वर्षांचं आहे. जहाजाच्या देखभालीला पन्नास वर्षं पैसे कुठून येणार, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

बोटी बांधायच्या कुठे, हा लहान वाटणारा प्रश्न खरं तर जहाजाचं आयुष्य ठरवतो. लाल समुद्रातलं ‘थिसलगॉर्म’ जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध रेकपैकी एक. ब्रिटिश मालवाहू जहाज, ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलं. आत ट्रक, मोटरसायकली, रबरी बूट, सगळं होतं तसं. तिथे येणाऱ्या बोटी वर्षानुवर्षं आपले दोर थेट जहाजाच्या कठड्यांना बांधत आल्या. लाटेबरोबर प्रत्येक बोट जहाजाला हिसडे देते, आणि जे बॉम्बने नाही ते दोराने तोडलं. आठवण म्हणून सुटे भाग उचलून नेणारे डायव्हर वेगळेच. आपल्याकडे पहिला पर्यटक उतरण्याआधी कायमचे मूरिंग बॉय (बोट बांधायचे तरंगते गोळे) हवेत. जहाजाला नव्हे, तळावरच्या वेगळ्या वजनाला बांधलेले. नांगर टाकायला पूर्ण बंदी. मूरिंग जेवढे, तेवढ्याच बोटी एका वेळी. बाकीच्यांनी लांब थांबावं.

माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर फक्त सरकारला ऐकवलं असं होईल. मालवणात स्कूबा म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं पाच-सहा मीटरवरचा एक फेरफटका असतो. मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड टाकला जातो, फोटोसाठी पर्यटकाला प्रवाळावर उभं केलं जातं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे करतात, कारण शेजारचा करतो आणि दर पडलेले आहेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. त्यानंतर काही दिवस तपासण्या झाल्या, लाइफ जॅकेटची मोजणी झाली. मग सीझन परत सुरू झाला.

हाच कारभार गुलदारवर नेला तर माणसं मरतील, हे मी स्पष्ट लिहितो. निवती रॉक म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागची उथळ जागा नाही. समुद्र उघडा आहे, करंट आहे. साध्या ओपन वॉटर सर्टिफिकेटवर १८ मीटरपर्यंत जाता येतं. अजिबात सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला तर या जहाजाच्या आसपासही नेऊ नये. त्याला वरून स्नॉर्कलिंग करू द्या, काचतळाच्या बोटीतून बघू द्या. प्रकल्पात पाणबुडीतून पर्यटन असंही लिहिलेलं आहे. आमच्या समुद्रात चांगल्या दिवशीही आठ-दहा मीटरच्या पलीकडे दिसत नाही आणि वाईट दिवशी मनगटावरचं कॉम्प्युटर दिसत नाही. पाणबुडीच्या काचेतून पर्यटकाला हिरवं पाणी दाखवण्यापेक्षा तोच पैसा दहा गावांतल्या मुलांना डायव्हमास्टर (पाण्याखालचे गाइड) करण्यावर खर्च करा. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

अपघात झाला तर काय, हेही आधीच ठरलं पाहिजे. प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन आणि तो द्यायला शिकलेला माणूस. कुणाला डिकम्प्रेशन सिकनेस (भरभर वर आल्याने शरीरात बुडबुडे होण्याचा आजार) झाला तर कुठल्या रिकम्प्रेशन चेंबरला (परत दाब देऊन उपचार करायच्या खोलीत) न्यायचं, कुणाच्या वाहनातून, किती वेळात, फोन कुणाला करायचा, हे जेट्टीवर बोर्डावर लिहिलेलं हवं. सध्या हे प्रत्येक ऑपरेटरच्या डोक्यात असतं किंवा नसतं.

या सगळ्यातून माझ्या मागण्या निघतात. एकत्र लिहितो, म्हणजे ‘नेमकं काय हवंय’ असं विचारायला नको.

१. जहाज बुडवण्याआधी निवती गावात जनसुनावणी घ्या. मच्छीमार सोसायट्या, रापण संघ, डायव्हिंगवाले, सगळ्यांना लेखी बोलवा. तारीख मासेमारीबंदीच्या काळातली, म्हणजे १ जून ते ३१ जुलैमधली ठेवा. सीझनमध्ये ठेवली तर होडीवाला येऊ शकत नाही, आणि मग ‘कुणी आलंच नाही’ असं इतिवृत्तात लिहिलं जातं.

२. सफाईचा अहवाल, बुडवण्याच्या जागेची आधीची पाहणी आणि वादळातल्या स्थैर्याचा हिशोब मराठीत जाहीर करा. तपासणी करणारी संस्था प्रकल्पाचं काम करणाऱ्यांपेक्षा वेगळी असावी.

३. मासेमारीबंद पट्टा गावांशी बोलून ठरवा, त्याची अधिसूचना काढा, त्यावर गस्त ठेवा. जाळं अडकल्याची भरपाई पहिल्या दिवसापासून द्या.

४. आत जाण्याचे मार्ग मोकळे करा, धोकादायक खोल्या बंद करा, दर वर्षी पावसाळ्यानंतर तपासणी केल्याशिवाय सीझन सुरू करू नका.

५. मूरिंग आधी, पर्यटक नंतर. रोजच्या डायव्हरांची कमाल संख्या ठरवा आणि ती खरोखर पाळा.

६. प्रत्येक डायव्हमागे शुल्क घ्या आणि त्यातला ठरलेला वाटा थेट पट्ट्यामुळे जागा गमावलेल्या गावांना आणि जहाजाच्या देखभालीला द्या. हा हिशोब दर वर्षी ग्रामसभेत मांडा.

७. गाइड, बोटचालक, तपासणीसाठी उतरणारे डायव्हर यांत आधी या गावांतल्या मुलामुलींना घ्या. तारकर्लीची स्कूबा संस्था महामंडळाचीच आहे, तिथे त्यांना मोफत शिकवा.

८. हे सगळं बघायला एक समिती नेमा आणि तिच्यात मच्छीमारांना मत द्या. नुसती खुर्ची नको.

यातली एकही मागणी प्रकल्प थांबवायला सांगत नाही. पहिल्या दोनांना थोडा वेळ लागेल, बाकीच्यांना पैसे आणि इच्छा लागेल. पुदुच्चेरीलाही नौदलाची ‘कडलूर’ ही निवृत्त सुरुंगशोधक नौका पाण्याखालचं संग्रहालय म्हणून बुडवायची घोषणा झाली होती. ती नौका २०१८ मध्ये निवृत्त झाली. घोषणेइतकं वेगाने पुढचं काम सरकत नाही, हे तिथल्यांनी अनुभवलंय. आपण तसं करू नये. पण घाईत बुडवलेलं जहाज परत वर काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

उत्तर मराठीत द्यावं, आणि कृपया ते छापून निवती बंदराच्या जेट्टीवर लावावं. बाबा व्हॉट्सअॅप वाचत नाहीत.

आपला,
मालवण तालुक्यातला एक डाइव्ह इन्स्ट्रक्टर